मुलगा म्हणतो छापा, सून म्हणते नको

पत्र (थोडक्यात): फोंडा तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. घरी आजारी माणूस असलेल्यांना खाट, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं साहित्य आम्ही वापरायला देतो. अनामत घेतो, भाडं घेत नाही. दर वर्षी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी सुमारे ६०० जणांना मदतीचं पत्र जातं. प्रतिसाद वर्षागणिक घटतोय. समितीतले एक सभासद म्हणाले, आकडे कोण वाचतो, एखाद्या रुग्णाची खरी गोष्ट फोटोसकट छापा. एका घरात आमची मॅट्रेस अकरा महिने होती. आजी गेल्या डिसेंबरात वारल्या. मुलगा म्हणाला, ‘खुशाल छापा, आईचं नाव होईल.’ ज्यांनी सगळं केलं त्या सुनेचं म्हणणं, ‘नाव नको, फोटो तर नकोच.’ अध्यक्षांचा तोडगा असा की नाव बदलायचं आणि फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारायची. खजिनदारांना हा सगळाच प्रकार दुसऱ्याच्या दुःखाचं भांडवल वाटतो. मसुदा आणि खर्चाचा कागद सोबत आहे. काय करावं?
– सचिव, फोंडा तालुका

सप्रेम नमस्कार.

फोटो छापू नका, पट्टी मारूनही नाही. गोष्ट छापता येईल, पण सुनेने होकार दिला तरच आणि ती सांगेल तेवढीच.

आजारपण आईचं होतं, तेव्हा मुलाला बोलायचा हक्क आहेच. पण तुमचा मसुदा नीट वाचा. त्यात आजी चार ओळींत आटोपतात. उरलेलं सगळं सुनेचं आहे: तिची जागरणं, तिची धरलेली कंबर, सुटलेली नोकरी, एकदा वैतागून ओट्यापाशी रडली तो प्रसंग. हे तिने तुमच्या कार्यकर्त्याला सांगितलं ते मॅट्रेस मागताना. अडचणीत माणूस जे बोलतो ते छापायला दिलेलं नसतं. म्हणून नियम असा ठेवा की पत्रात ज्याच्या शरीराचं, वागण्याचं किंवा पैशाअडक्याचं वर्णन आहे अशा प्रत्येक हयात, सज्ञान माणसाचा वेगळा होकार हवा. घरात एकाने नको म्हटलं की विषय संपला. कर्त्या पुरुषाने सही केली म्हणजे घराने केली, हा हिशेब इथे चालत नाही.

आता अध्यक्षांचा तोडगा. मुंबई-पुण्यात नाव बदलून माणूस लपत असेल, गोव्यात लपत नाही. इनमीन बारा तालुके, त्यात फोंड्यातला एक गाव, त्यात एक वाडा. ‘शाळेत माध्यान्ह आहार शिजवणारी, सासू वर्षाहून जास्त अंथरुणावर, नवरा बोटीवर’ एवढं लिहिलंत की नाव सुमन ठेवा नाहीतर सुलभा, पंचक्रोशीला पत्ता लागला. शिवाय तुमचं पत्र जातं चवथीच्या आधी, म्हणजे मुंबईचे, वास्कोचे, बेळगावचे सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात तेव्हाच. त्या घरात वर्ष सरलेलं नाही, कदाचित यंदा चवथही नसेल. अशा दिवसांत गणपतीपुढे माटोळीखाली बसलेल्या चुलत सासऱ्याच्या हाती ते पत्र पडलं आणि ‘सून वैतागायची म्हणे’ एवढंच त्याने त्यातून उचललं, तर पुढची दहा वर्षं तिला ते ऐकावं लागेल. तिचा नकार बहुधा यासाठीच आहे, आणि तो रास्त आहे.

डोळ्यांवरची पट्टी तर काही लपवतच नाही. ओळखीच्या माणसाला हनुवटी, बसण्याची ढब, साडी पुरते. त्यात मागे सोपो (दारापुढची बैठक), तुळशीवृंदावन, घर क्रमांकाची पाटी, जीए ०५ ची स्कूटर. उलट पट्टीमुळे माणूस गुन्हेगारासारखा दिसतो. फोटो लागणारच असेल तर वस्तूचा घ्या: मॅट्रेसचा पंप, तुमच्या गोदामातल्या दुमडलेल्या खाटा, साहित्याच्या नोंदवहीचं पान (नावं झाकून). आणि एक ताजी खोड वेळीच मोडायला हवी. खऱ्या गोष्टीला संगणकाने बनवलेला किंवा नेटवरून उतरवलेला म्हातारीचा फोटो लावू नका. तो खोटा आहे हे वाचणाऱ्याला कळतं, आणि मग गोष्टही खोटी वाटू लागते.

ओळख खरोखर पुसायची असेल तर नावाच्या पलीकडे जावं लागतं. माणूस ओळखू येतो तो गाव, वय, व्यवसाय, आजार आणि घरची रचना या पाच धाग्यांनी. त्यांतले दोनच ठेवा, तेही मोघम. ‘डोंगरालगतचा एक गाव’, ‘पन्नाशीची बाई’. उरलेले तीन गाळा. त्यांच्या जागी दुसरं काही रचू नका. गाळण्यात खोटं नाही, रचण्यात आहे. नाव बदलताना जपा: गोव्यात नावाबरोबर धर्म, कधी जातही कळते. मारियाची मंगला केलीत तर एका समाजाची गोष्ट दुसऱ्याच्या खाती गेली. त्यापेक्षा नावच देऊ नका, ‘एक सून’ म्हणा, किंवा बदललेलं नाव त्याच समाजातलं ठेवा आणि खाली स्पष्ट लिहा: ‘कुटुंबाच्या इच्छेवरून नाव बदलले आहे व काही तपशील गाळले आहेत.’ दोन-तीन घरांचे अनुभव एकत्र केले असतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. बऱ्याच संस्था हे लपवतात आणि मग एखादा देणगीदार ‘त्या बाईंना भेटायचंय’ म्हणाला की तारांबळ उडते.

परवानगी मागायला कोण जातं आणि कधी, यावर निम्मा खेळ आहे. मॅट्रेस पोचवणारा कार्यकर्ता जाऊ नये. त्याला नाही म्हणणं जड जातं, कारण त्याचे उपकार आठवतात. समितीतली दुसरी व्यक्ती पाठवा, शक्यतो बाई. साहित्य परत आलेलं हवं आणि अनामत आधी परत केलेली हवी. हा मुद्दा क्षुल्लक नाही. तुमच्याकडे तिचे हजार-दीड हजार अडकलेले असताना मागितलेला होकार खरा मानता येत नाही, भले तुमच्या मनात तसं काही नसो. मृत्यू झालेल्या घरी निदान तीन महिने या कामासाठी जाऊच नका. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत माणूस कशावरही सही करतो. बोलणं कोकणीतून होऊ द्या, घरात जशी बोलतात तशी. कागद मराठीत चालेल. ख्रिस्ती घरी रोमी लिपीतली कोकणी प्रत न्या. आणि कागद हातात देऊन थांबू नका, मोठ्याने वाचून दाखवा.

कागदावर ‘माझी हरकत नाही’ अशी एकच ओळ आणि खाली सही असेल तर तो कागद तुमच्या संरक्षणासाठी आहे, तिच्या नव्हे. तिला निवडता आलं पाहिजे. नाव: खरं, बदललेलं की नाहीच. ठिकाण: गाव, तालुका की फक्त गोवा. फोटो: चेहरा, हात, वस्तू की काहीच नको. कुठे वापरायचं: टपालाचं पत्र, व्हॉट्सअॅप, फेसबुक, वर्तमानपत्र, प्रत्येकाला वेगळा चौकोन. किती काळ: एक वर्ष की दोन, त्याहून जास्त मागू नका. सगळे चौकोन रिकामे ठेवून न्या. रिकामा राहिलेला चौकोन म्हणजे नकार, हे कागदावरच छापा. व्हॉट्सअॅपबद्दल तोंडी एक वाक्य सांगाच: ‘छापलेलं आम्ही थांबवू शकतो, फॉरवर्ड झालेलं परत आणता येत नाही.’ हे ऐकल्यावर काही माणसं तो चौकोन सोडून देतील. देऊ द्या.

सही त्या भेटीत घेऊ नका. मसुदा लिहून झाल्यावर परत जा, तो अख्खा वाचून दाखवा, विचाराला सात दिवस द्या, मग सही. वाचताना तिच्या तोंडाकडे बघा. ज्या ओळीला ती मान खाली घालते ती ओळ काढायची. ‘चालेल’ म्हणाली तरी काढायची. छापायला जाण्याआधी कधीही फोन करून रद्द करता येईल, आणि नकार दिला तरी पुन्हा साहित्य लागलं तर मिळेलच, ही दोन वाक्यं कागदावर हवीत. मोबदला म्हणून पैसे देऊ नका. जाण्यायेण्याचा खर्च झाला असेल तर तो द्या. छापलेल्या पत्राची प्रत तिला सगळ्यांत आधी पोचवा.

विस्मरण झालेला किंवा शुद्ध नसलेला माणूस होकार देऊ शकत नाही. नातेवाइकांच्या सहीवरही त्याचं असहाय वर्णन छापू नये असं आमचं मत आहे. काही ठिकाणी मत चालत नाही, कायदाच आहे. एचआयव्हीची लागण कुणाला आहे हे त्या व्यक्तीच्या लेखी, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती किंवा छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हाही २०१७ चाच कायदा. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ बालगृहातल्या, अत्याचार सोसलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापू देत नाही: नाव, पत्ता, शाळा, फोटो. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांबाबतही ओळख उघड करणं गुन्हा आहे. तुमच्या कामात असे रुग्ण येतातच, तेव्हा कार्यकर्त्यांना ही यादी तोंडपाठ हवी.

खजिनदारांच्या आक्षेपाकडे वळू. त्याआधी सभासदाचं ‘आकडे कोण वाचतो’ हे म्हणणं: त्याला आधार आहे, पण वाटतो तेवढा भक्कम नाही. अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी मदत मागितली होती. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसते आकडे वाचलेल्यांनी १.१४, आणि गोष्टीसोबत आकडेही वाचलेल्यांनी १.४३. गोष्टीला आकडे जोडले तर देणगी वाढली नाही, उतरली. देणग्या गोळा करायला शिकवणाऱ्या शिबिरांत हे आकडे आजही मिरवतात. पण २०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा परिणाम अगदी लहान निघाला, आणि पुढे हाच प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना तो फरक सापडला नाही. तेव्हा गोष्ट घातली की देणग्या दुप्पट, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावून सोडून द्या.

मग गोष्ट कशाला? तुमच्या ६०० जणांपैकी बहुतेकांनी एअर मॅट्रेस पाहिलेली नसते. ती काय करते, नसली तर काय होतं, हे कळल्याशिवाय ३,२०० रुपये कशाचे ते कळत नाही. गोष्टीचं काम तेवढंच आहे: पैसा कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, कसा उपयोगी पडतो ते दाखवणं. दया उपजवणं हे तिचं काम मानलं की खजिनदार म्हणतात तसं भांडवल होतं, आणि तसं ते अनेक पत्रांत होतंच. तुमच्या मसुद्यातला हा उतारा पाहा:

‘सौ. ... यांचे जीवन म्हणजे दुःखाचा सागरच. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करता करता त्या पार खचून गेल्या होत्या. चहूकडे अंधार दाटला असताना आमची संस्था देवदूताप्रमाणे धावून आली. आपणही अशा असंख्य असहाय रुग्णांच्या जीवनात प्रकाश आणू शकता.’

यात मॅट्रेस कुठे आहे? सागर, अंधार, देवदूत, प्रकाश, सगळे आले. वस्तू आली नाही. बाई काय करत होती ते नाही, संस्थेने काय केलं ते नाही. आणि ज्या घरात वर्षाहून जास्त कुणीतरी रोज झटलं, त्या घराला ‘असहाय’ म्हटलंय. आता तुमच्याच खर्चाच्या कागदामागे कार्यकर्त्याने पेन्सिलीने केलेल्या नोंदींवरून हे असं लिहिता येतं:

‘डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली होती. सून रात्री बारा, दोन आणि चारचा गजर लावायची. उठायचं, पाठीखाली हात घालून सासूबाईंना वळवायचं, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का बॅटरी धरून बघायचं, चादरीची चुणी काढायची. सकाळी सातला कामावर. तरीही तिसऱ्या महिन्यात जखम दिसलीच. शेजारणीने आमचा नंबर दिला आणि त्याच संध्याकाळी एअर मॅट्रेस घरी गेली. या मॅट्रेसमध्ये हवेचे कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे शरीराचा भार एकाच जागी राहत नाही. कूस बदलणं सुटलं नाही, पण डॉक्टरांना विचारून रात्रीचा एक गजर बंद झाला. जूनमध्ये वीज गेली की पंप थांबायचा, मॅट्रेस हळूहळू बसायची आणि तो गजर पुन्हा लागायचा. म्हणून यंदा आम्ही प्रत्येक मॅट्रेससोबत छोटा यूपीएस देणार आहोत. मॅट्रेस ३,२०० रुपये, यूपीएस २,८००. एका घराचे ६,०००.’

रडणं गेलं, सुटलेली नोकरी गेली, नवऱ्याचा धंदा गेला. सून ओळखू येईल असं फारसं उरलं नाही, आणि जे उरलं ते तिला कुणापुढेही वाचता येईल. शेजारीण हा मात्र धागा आहे. तो ठेवायचा का, हे सुनेलाच विचारा. मॅट्रेसने सगळं बरं केलं असंही म्हटलेलं नाही. वीज जाते हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे; ते लिहिलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो, आणि मागणीही त्यातूनच आपसूक निघते. दर छापण्याआधी दुकानातून ताजे घ्या. हे वाचूनही ती नको म्हणाली तर गोष्ट सोडा. मग घर न घेता वस्तूचीच गोष्ट लिहा: एक खाट चार वर्षांत किती घरांत गेली, कुठला स्क्रू गेला, रंग कितीदा काढला, चाकं कधी बदलली. नोंदवहीतून सगळं मिळेल, परवानगी कुणाची लागणार नाही. आम्हाला विचाराल तर तेच पत्र जास्त वाचनीय होईल.

बाकीच्या पत्राबद्दल थोडं. ए-फोर कागदाच्या दोन बाजू, चारशेच्या आसपास शब्द, अक्षर १३ किंवा १४ पॉइंटचं. तुमचे देणगीदार साठीच्या पुढचे आहेत. संस्थेचा इतिहास, मान्यवरांची नावं, ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो की’ हे सगळं काढा. सुरुवात गजरापासून. मागणी पहिल्या पानाच्या खाली एकदा आणि सहीआधी एकदा. रक्कम आकड्यात: ६,००० एका घराचे, ३,२०० एका मॅट्रेसचे, ५०० गोदामातल्या एका मॅट्रेसच्या दुरुस्तीचे (हा आकडा तुमच्या हिशेबाशी ताडून घ्या). ‘यथाशक्ती’ लिहिलंत की लोक गेल्या वेळचीच रक्कम पाठवतात, नाहीतर पत्र बाजूला ठेवतात. एकूण रुग्णसंख्येचा आकडा एकच द्या, तोही शेवटी. सही एकाच माणसाची, शाईची. खाली ता.क. हवी: पत्र नुसतं चाळणाऱ्याचीही नजर ता.क. वर जाण्याची शक्यता असते, तेव्हा रक्कम आणि शेवटची तारीख तिथे पुन्हा घाला.

पत्रात मॅट्रेस-यूपीएससाठी पैसे मागितलेत तर ते तिथेच खर्च करणं आलं. म्हणून ही ओळ छापा: ‘या कामाला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे जमल्यास ते इतर रुग्णसाहित्यासाठी वापरले जातील.’ ही नसेल तर खजिनदारांना पुढे ऑडिटरसमोर बसून डोकं खाजवावं लागेल.

क्यूआर कोड निदान अडीच सेंटीमीटरचा, घडी पडते त्या जागेपासून दूर, आणि खाली खात्याचं नाव अक्षरांत. स्कॅन केल्यावर तेच नाव दिसलं पाहिजे. छपाईआधी दोन वेगळ्या अॅपवरून दहा-दहा रुपये टाकून बघा. देणगीदाराला करसवलत देणारी ८०जी ची मान्यता असेल तर पावतीच्या तुकड्यावर पॅनसाठी जागा ठेवा, कारण देणगीदाराचा ओळख क्रमांक भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला मुळातच नाही. करसवलत पत्राच्या पहिल्या पानावर आणू नका, पावतीच्या तुकड्यावर पुरे.

गोव्यात एक खड्डा मोठा आहे, तो परदेशी पैशाचा. बोटीवर किंवा आखातात असलेला, पण भारतीय पासपोर्टचा गोंयकार स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात गेलेला तुमच्याच वाड्यावरचा मुलगा कायद्याने परदेशी नागरिक आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. तुमच्याकडे ती नोंदणी नसेल तर पत्रावर ठळक छापा: ‘या खात्यावर फक्त भारतीय पासपोर्टधारकांनी पैसे पाठवावेत.’ त्याच्या आईवडिलांनी स्वतःच्या पैशांतून दिलं तर हरकत नाही. मुलाचे पैसे त्यांच्या नावावर फिरवून घेऊ नका. गोष्ट चांगली झाली की ती नेमकी याच लोकांपर्यंत फॉरवर्ड होते, म्हणून हे आधी.

गोष्टीचा उपयोग होतो का, ते स्वतःच मोजा. यादीतली नावं एक आड एक घेऊन ३००-३०० चे दोन गट करा. एकाला नेहमीचं पत्र, दुसऱ्याला नवं. पाकीट, तारीख, रकमा सारख्या. पावतीच्या तुकड्यावर कोपऱ्यात क किंवा ख. क्यूआरने पैसे देणारे तुकडा पाठवणार नाहीत, म्हणून व्यवहाराच्या नोंदीत अक्षर लिहायची विनंती करा, आणि कुणी विसरलं तर यादीवरून नाव जुळवा. मोजायची ती देणाऱ्यांची संख्या. रकमेवर जाऊ नका, कारण एकाने २५,००० पाठवले की सगळं चित्र फिरतं. आणि एका गटातून २१, दुसऱ्यातून २६ जणांनी दिलं तर त्याला फरक म्हणू नका, एवढं इकडेतिकडे योगायोगानेही होतं. तीन वर्षं तोच कल दिसला तर बोला. समितीच्या सभेत हे ऐकून कुणाचंच समाधान होणार नाही, तरीही.

पत्र गेल्यावर फोन येतील. ‘त्या बाईंचा नंबर द्या, आम्ही थेट मदत करू.’ फोनवर बसणाऱ्याच्या समोर उत्तर लिहून ठेवा: ‘नंबर आम्ही देत नाही. तुमचा निरोप त्यांना कळवू, त्यांना वाटलं तर त्या फोन करतील.’ कुणी नाव ओळखून ‘ती अमक्याची सून ना?’ म्हणालं तर होही नाही आणि नाहीही नाही. ‘कुठल्याच घराबद्दल आम्ही बोलत नाही’ एवढंच. एका घराबद्दल ‘नाही, ती नव्हे’ म्हटलंत की पुढच्या वेळच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘हो’ असा लागतो.

राहता राहिला मुलगा. त्याला आईचं नाव व्हायला हवंय, आणि त्यात गैर काही नाही. त्याला वेगळी वाट द्या: आईच्या स्मरणार्थ एक मॅट्रेस संच, त्यावर तिच्या नावाची छोटी पट्टी, आणि वार्षिक अहवालात स्मरणार्थ देणग्यांच्या यादीत नाव. आजाराचा उल्लेख नको, सुनेचाही नको. हे त्याला सांगायला मात्र अध्यक्षांनीच जावं, आणि सुनेने नकार दिला म्हणून गोष्ट राहिली असं त्याच्यापुढे बोलू नये. समितीने धोरण ठरवलं एवढंच सांगावं, आणि पुढच्या सभेत ते धोरण खरोखर ठराव करून इतिवृत्तात लिहून टाकावं.